हिराजीभाऊंचा उजवा पाय

हिराजीभाऊ रिक्षात बसले तरी उजवा पाय पुढे रोवून बसायचे. समोरून ट्रक आला की पाय धप्पकन खाली. घरात टीव्हीवर कोणी अंगावर धावून आलं तरी तेच. एकदा मी त्यांच्या घरी चहा प्यायला बसले होते, मांजराने मांडणीवरून उडी मारली आणि यांनी पाय असा आपटला की माझी कपबशी उडाली. त्यांची बायको पारू म्हणाली, "घाबरू नको गं. होडीतला माणूस हाय, घरात ठेवलाय फकस्त."

काल्हेरला खाडीच्या बाजूला आमची घरं भिंतीला भिंत लागून. ते खाडीतले, पिढीजात होडीवाले. मी शिवणकाम करणारी, सून म्हणून आले ती इथलीच झाले. हिराजीभाऊ सगळ्यांना एकेरीच बोलवायचे, तलाठ्यालाही. मला "वयनी, तू" आणि मी त्यांना "भाऊ, तुम्ही". त्यांची एक म्हण होती, "पाण्यात पयला पाय बोलतो, मंग डोका." लाट आली, होडी धक्क्याला लागली, की पाय फळीवर रोवायचा. रोवला तो उभा राहिला, विचार करत बसला तो पाण्यात गेला. लहानपणी बापाने शिकवलेलं.

आणि पाणी तर त्यांच्या अंगातच होतं. ओट्यावर पाठमोरे बसून जाळं विणताना मध्येच म्हणायचे, "पाणी फिरला." भरती संपून ओहोटी लागली, असं. मी कितीदा मुद्दाम गल्लीच्या टोकाला जाऊन बघितलं. फिरलेलंच असायचं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. तोंड सरळ झालं, चालायला लागले, पण डावा हात गेला. होडी फायबरची होती, मागे मशीन, पुढे चाक. एका हाताने चाक धरायचं, दुसऱ्याने रेस द्यायची. आता दुसरा कुठून आणायचा? मुलगा महेश गोदामात सुपरवायझर, त्याला होडीत रस नाही. तो म्हणाला, विकून टाकू. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दापोड्याच्या एका ट्रक गॅरेजमधून मिस्त्रीला घेऊन आले. त्याने ट्रकचा ॲक्सिलेटर काढून होडीत बसवला, तार मशीनला जोडली आणि म्हणाला, "चाचा, दबाओगे तो भागेगी, छोड़ोगे तो रुकेगी. बस, इतना ही है." इतकंच, पण तेच अवघड होतं.

पहिल्या दिवशी होडी झकास गेली. परत येताना धक्का जवळ आला, आणि होडीवाल्याचा पाय जे करतो तेच त्या पायाने केलं. रोवला. होडी जी उधळली ती धक्का चुकवून तिवरांच्या चिखलात जाऊन रुतली. पुढची भरती येईपर्यंत भाऊ तिथेच बसून. काठावरून पोरं ओरडत होती, "आबा, भात लावताय काय?" पारू हातात जेवणाचा डबा घेऊन उभी, "होडी न्हाय, म्हैस हाय ती. चिखल बघितला की बसली."

ती हसली, पण महेश नाही हसला. संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांसमोर त्याने सांगून टाकलं, "बाबा, नारळी पुनवेपर्यंत बघतो. त्या दिवशी नारळ सोडायला होडी तुम्ही नेली आणि धक्क्याला नीट लावली, तर राहील. नाहीतर गिऱ्हाईक आहे माझ्याकडे." भाऊंनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. जयंतीच्या पताकांचं काम नुकतंच संपलं होतं, निळ्या चिंध्यांचा ढीग पडलेला, आणि मी परकर शिवत होते. माझ्या मशीनला मोटर आहे, खाली पायाचं पेडल. भाऊ बराच वेळ माझ्या पायाकडेच बघत होते. मला मेलं अवघडल्यासारखं झालं.

"वयनी, तुजा पाय सुटतो कसा?"

"म्हणजे?"

"कोपरा आला की तू पाय सोडतेस. माजा दाबतोय. धोका आला का माजा दाबतोयच."

म्हटलं, या, बसा. तो धिप्पाड माणूस माझ्या त्या एवढ्याशा स्टुलावर बसला. मी सुईखाली निळी चिंधी घातली. पाय ठेवला मात्र, मशीन अशी सुटली की चिंधी पार, सुई तुटली. मी म्हटलं, "भाऊ, मशीन ठाण्याला पोचली असती." म्हणाले, "तुज्या मशीनला तिवरां न्हाय, नशीब."

मग मी शिकवलं, मला जसं येतं तसं. टाच जमिनीला टेकलेली ठेवायची, हलवायचा तो फक्त चवडा. दाबायला कोणालाही येतं, हात सुटायच्या आत पाय सुटला पाहिजे. ते शिवायचे नि पारू पाठीमागून पातेल्याचं झाकण आपटायची. झाकण पडलं की पाय वर. सुरुवातीला दर झाकणाला सुई गेली. गल्लीतल्या बायकांना तर करमणूकच झाली. कोणी भाजी निवडायला घेऊन यायची, कोणी तांदूळ. एकीने विचारलं, "भाऊ, ब्लाऊज कधी घेता शिवायला?" भाऊ मान वर न करता, "तुज्या मापाचा कापड भिवंडीत गावत न्हाय."

दुपारी मशीन, सकाळी होडी. जून गेला, आषाढ गेला. पाय हळूहळू ऐकायला लागला. रस्त्यात कुत्रं अंगावर आलं तर भाऊंचा पाय वर उचललेला मी या डोळ्यांनी बघितला.

पुनवेला होडी सजवली. पारूने नारळाला सोनेरी कागद लावला. मलाही बसवलं, "मास्तरीण पायजे," म्हणून. महेश दोरी घेऊन पुढे बसला. ढोल वाजत होते, बाजूने दुसऱ्या होड्या चालल्या होत्या. भाऊंनी खाडीच्या मध्यावर होडी नेली, पारूने नारळ सोडला, हात जोडले. परतताना एक मोठी होडी जोरात बाजूने गेली, तिच्या लाटेने आम्ही हेलपाटलो. मी पारूला धरलं. भाऊंचा चवडा वर होता.

धक्क्यापाशी होडी अशी येऊन टेकली, जशी झोपलेल्या पोराला गादीवर ठेवावी. वरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. महेशने दोरी बांधली, वळला, त्याचे डोळे भरलेले होते. म्हणाला, "बाबा, होडी राहिली."

भाऊंनी चावी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "गिऱ्हाईकाला बोलव."

आम्हाला वाटलं थट्टा करतात. पारू म्हणाली, "येड लागला काय? समदा झाला की नीट."

"झाला नीट," भाऊ म्हणाले. "पण पोरा, परत फिरताना तू मना काय बोललास? पाणी फिरला बोललास. तू सांगितलास मना. मना कललाच न्हाय." मग माझ्याकडे बघितलं. "वयनी, समदा टाइम माजा ध्यान पायाकडं. दाबला काय, सोडला काय. नारल पडताना बगला न्हाय मी. होडी चालवली, खाडी दिसली न्हाय."

महेश म्हणाला, "सवय होईल, बाबा."

"व्हईल. पण तोवर लोकांना बसवू नये."

दाबायचं, सोडायचं, हे मी शिकवू शकले. पाय आहे हे विसरायचं कसं ते कोणी शिकवू शकत नाही, ते नुसतं वर्षांनी येतं, आणि त्यांच्याकडे वर्षं नव्हती. मी आधी का नाही बोलले, असंही वाटतं. पण बोलून काय उपयोग होता? त्या महिन्यांत तो माणूस पुन्हा हसायला लागला होता.

वसईकडच्या माणसाने होडी नेली. भाऊ मार्गशीर्षात गेले, झोपेतच.

त्याआधी रोज ते धक्क्यावर जाऊन बसायचे. एकदा बाजारातून येताना मी थांबले. ऊन उतरलं होतं, पाणी नुसतं चमकत होतं, एक पाणकावळा पंख पसरून खांबावर बसलेला. भाऊ इतके टक लावून बघत होते की मी आल्याचंही त्यांना कळलं नाही.

"भाऊ, काय बघताय एवढं?"

"पुनवंचा राह्यलाय," ते म्हणाले. "तो बगून घेतंय."