सायमाबाई आणि एकोणीस नंबरची जर्सी

अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या टॅमरॅक पॉइंटच्या कॉलेजात मी आइस हॉकी संघाचं सामान सांभाळायचो. दर गुरुवारी दुपारी फाटक्या जर्सींचा थैला खांद्यावर टाकायचा आणि टेकडीवरच्या सायमा पेसोनेन यांच्या मागच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, हे माझं ठरलेलं काम. पुढचं दार नोव्हेंबरात बर्फाखाली गेलं की एप्रिलपर्यंत दिसायचंच नाही. त्या दार उघडायच्या, थैल्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "काय रे वेस, ही पोरं खेळतात की एकमेकांना फाडून खातात?"

सतरा वर्षं त्या संघाच्या जर्सी शिवत होत्या, पण सामना एकही बघितलेला नव्हता. त्यांच्या घरापासून मैदान चालत दहा मिनिटांवर. शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी अर्धं गाव तिकडे लोटायचं, आरडाओरडा त्यांच्या खिडकीपर्यंत यायचा. तरी जायच्या नाहीत. "मी सांधलेलं माझ्या डोळ्यांदेखत फाटताना कशाला बघू?" म्हणायच्या. पोरांना मात्र त्या फाटलेल्या जागेवरून ओळखायच्या. डावं कोपर दर आठवड्याला उसवणारा कोण, कॉलरवर रक्ताचे डाग आणणारा कोण, आणि ज्याची जर्सी महिनोन् महिने नवी कोरी राहते, म्हणजे ज्याला बाकावरून कोणी उठवतच नाही, तो कोण, हे त्यांना न बघता ठाऊक असायचं.

त्यांचा बाप तांब्याच्या खाणीत होता. त्या स्वतः सोळाव्या वर्षापासून शेजारच्या गावातल्या कारखान्यात कामगारांचे डगले शिवत होत्या. तो कारखाना बंद पडला त्याच वर्षी नवरा गेला. राइनो त्याचं नाव, लाकडाचे ट्रक चालवायचा. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर त्यांनी शिवणयंत्र स्वयंपाकघरात आणून खिडकीशी ठेवलं आणि गावाची शिवणं घ्यायला सुरुवात केली. हॉकी संघ त्यांच्याकडे आला तो असाच, एका फाटलेल्या बाहीच्या निमित्तानं.

कर्टिस ओनिश्चेंको आमच्याकडे आला तो शहाऐंशीच्या सप्टेंबरात. कॅनडातल्या सॅस्कॅचेवानचा, गव्हाच्या शेतातला मुलगा. उंच, लाजरा, हातपाय जरा जास्तच लांब. त्याचं नाव त्याच्या एकोणीस नंबरच्या जर्सीच्या पाठीवर शिवायचं म्हणजे इंग्रजीत अकरा अक्षरं. मी ते कागदावर लिहून नेलं, पण त्याच्या आधीच तो स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभा.

"मिसेस पेसोनेन, मावत नसेल तर नुसतं ओनिश लिहा. शाळेत सगळे तेवढंच म्हणायचे."

"माझ्या नावात सात अक्षरं आहेत," सायमाबाई म्हणाल्या, "त्यातलं एक तरी मी कोणाला गाळू दिलंय का? फीर तिकडे. पाठ मोजू दे."

त्यांनी अक्षरं थोडी अरुंद कापली आणि ती पट्टी एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत कमानीसारखी बसवली. संपूर्ण संघात एवढं देखणं नाव कोणाचं नव्हतं. तेव्हापासून रविवारी सकाळी तो त्यांच्याकडे जायला लागला. छपरावरचं बर्फ उतरवायचा आणि वेलची घातलेला गोड पाव अर्धाअधिक संपवून यायचा. त्या मला सांगायच्या, "पोरगा बोलत नाही फारसं. पण खातो मन लावून."

त्या वर्षी आमचं काही खरं नव्हतं. नाताळपर्यंत सतरा सामने झाले, त्यातले चार जिंकले. बाहेरगावी तर एकही नाही. परतीच्या बसमध्ये कोणी तोंड उघडायचं नाही. पण जानेवारीत सलग तीन आठवडे सामने घरच्या मैदानावर होते, शुक्रवार-शनिवार मिळून सहा. किराणा दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर एकच बोलणं. या सहातले चार जिंकले तर स्पर्धेत टिकू, नाहीतर मार्चमध्ये काठ्या बांधून ठेवायच्या. दुकानांच्या काचांवर तारखा चिकटवल्या होत्या. आमचे कोच लॉइड हॅगस्ट्रम मुळात मितभाषी, ते आणखीच गप्प झाले. शेवटी त्यांनी कॅनडातल्याच ऑन्टेरिओहून एक नवा पोरगा आणला, बोड्री नावाचा. पायात वारा भरलेला होता त्याच्या.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, कोचनी माझ्या हातात यादी ठेवली. दोन बाह्या, एक कॉलर आणि शेवटची ओळ: १९, नाव काढणे, बोड्री शिवणे.

मी ती वाचली. वाचली नाही असं म्हणणार नाही. थैला घेऊन निघालो तेव्हा गल्लीत कर्टिस भेटला. स्वारी खुशीत होती. मी काय करावं? विचारलं, "काय मग, आईवडील निघाले का?"

"पहाटेच निघाले! नऊशे मैल आहे, वेस. बाबा आजवर माझ्या एकाही कॉलेजच्या सामन्याला आले नाहीत."

"वा," मी म्हटलं, आणि पुढे गेलो.

सायमाबाईंना थैला दिला, यादी दिली आणि त्या वाचायच्या आत सटकलो. पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं. यादी वाचून त्यांनी एकोणीस नंबरची जर्सी टेबलावर पालथी पसरली. ब्लेड हातात घेतलं, खाली ठेवलं. तेवढ्यात मागचं दार वाजलं. दारात कर्टिस.

त्यांनी जर्सीवर टेबलक्लॉथ ओढला आणि त्याला माशाचं सूप वाढलं. तो बोलत होता. कधी नव्हे तो भडाभडा बोलत होता. आई बिटाचं लोणचं आणतेय तुमच्यासाठी. बाबांनी शेजाऱ्याला गुरं बघायला सांगितलीत. तुम्ही उद्या आईशेजारी बसायचं, तुमचं तिकीट मी काढून ठेवलंय, नाही म्हणायचं नाही.

"बरं," सायमाबाई म्हणाल्या.

बस, एवढंच. तो गेला. मग त्यांनी डगला चढवला, जर्सी कागदी पिशवीत घातली आणि बर्फातून चालत मैदानावर आल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी सामानाच्या खोलीत होतो, कोचची खोली लागूनच आणि मधली भिंत पातळ. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"सायमा! अहो, या बर्फात चालत आलात? वेसला फोन करायचा ना."

"वेसकडे मी नंतर बघते," त्या म्हणाल्या. मी हातातला टॉवेल घट्ट धरला. "लॉइड, कर्टिसला सांगितलंस का?"

"उद्या सकाळी सांगणार आहे. आज कशाला त्याची झोप उडवायची?"

"त्याचे आईबाप पहाटे घरातून निघालेत. वाटेत आहेत. माहीत आहे तुला?"

मग कोच म्हणाले, "नव्हतं माहीत. पण मग काय करू मी? दया म्हणून खेळवू त्याला? चार जिंकलेत आम्ही, सायमा. सतरातले चार."

"कोणाला खेळवायचं ते तुझं तू बघ. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. पण शिवणाऱ्या बाईला आधी कळतं आणि पोराला मागाहून, ही कुठली रीत? माझ्या टेबलाशी बसून तीन वाट्या सूप प्यायला तो आत्ता. आणि मी त्याच्याकडे बघत होते."

"बरोबर आहे," कोच हळूच म्हणाले. "आज सरावाआधी सांगतो."

"आणि एकोणीस मी उसवणार नाही. एकतीस कोरी पडलीय, तिच्यावर शिवते त्या नव्याचं नाव."

"त्याला एकोणीसच हवाय. लहानपणापासून तोच घालतो."

"हवाय म्हणे! मला नवे गुडघे हवेत. कोणी देतंय का?"

एवढ्या सगळ्यात कोच हसले. एकतीस ठरला.

चार वाजता कर्टिस कोचच्या खोलीत गेला आणि पाच-सात मिनिटांत बाहेर आला. सराव केला त्यानं, सगळा केला, शेवटपर्यंत. मग कपडे बदलून थेट सायमाबाईंकडे. आत आला नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी जेवत होतो तेव्हा?"

"हो. तेव्हाच."

त्यानं मान हलवली आणि निघून गेला. दार त्यानं आपटलं नाही, व्यवस्थित लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्या मला म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी त्याचे आईवडील पोचले. त्यांना त्यानं गाडीशीच सांगितलं. वडील नेस्टर, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. थोडा वेळ त्यानं गाडीच्या चाकांवरचं बर्फ बुटानं उडवलं आणि म्हणाला, "तिकिटं आहेत ना? मग बघू सामना. एवढे मैल काय मोटेलच्या भिंती बघायला आलो?"

मला वाटलं होतं सायमाबाई येणार नाहीत. पण साडेसातला त्या हिरवी टोपी घालून आल्या आणि कर्टिसच्या आईशेजारी, स्टेफाशेजारी, जाऊन बसल्या. पलीकडे नेस्टर आणि टोकाला कोट-टाय घातलेला कर्टिस. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. खेळाडूंच्या बाकामागे मी उभा होतो, तिथून ती रांग मला सरळ दिसत होती. त्या दोघींचं बोलणं मला स्टेफानं नंतर हसून हसून सांगितलं.

"ही शिट्टी कशाची?" सायमाबाईंनी विचारलं.

"तो मुलगा निळ्या रेषेच्या पुढे आधीच गेला."

"मग पुढे जायचं नाही का?"

"खेळायच्या रबरी चकतीच्या आधी जायचं नाही."

"कोणी ठरवलं हे?"

"बाई गं, पंधरा वर्षं बघतेय, मला अजून कळलेलं नाही," स्टेफा म्हणाली. "नेस्टर उठला की मी उठते, तो बसला की बसते."

शेवटची चार मिनिटं राहिली असताना दोन-दोन बरोबरी होती. बोड्रीनं मधूनच चकती काढली, दोघांना चकवून डावीकडे दिली आणि आमचा गोल झाला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. नेस्टर उठला, स्टेफा उठली, सायमाबाईही उठल्या. कर्टिस बसूनच होता. मग तोही उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. सुरुवातीला सावकाश, मग जोरात. सायमाबाई समोर बघायच्या सोडून त्याच्याकडेच बघत होत्या.

सामना संपल्यावर नेस्टर त्यांच्याशी बोलला. कर्टिसनं लपाछपी न करता सूपची हकिगत त्यालाही सांगितली होती. "मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही त्या बर्फातून गेलात. मुलाला कळेल ते, वेळ लागेल." मग स्टेफानं लोणच्याच्या दोन बरण्या त्यांच्या हातात दिल्या.

वेळ लागला खरा. पाच आठवडे कर्टिस टेकडीवर फिरकला नाही. किराणा दुकानात भेटला तर टोपीला हात लावायचा, तेवढंच. सायमाबाई छपरावरचं बर्फ शेजाऱ्याकडून उतरवून घेत. त्या सहातले आम्ही चार जिंकलो आणि स्पर्धेत कसेबसे टिकलो. गावाला पुन्हा वाचा फुटली. बोड्रीचा तर फोटो न्हाव्याच्या आरशावर लागला.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी सरावाची जर्सी खांद्यात फाडून कर्टिस त्यांच्या दारात आला. त्या शिवत असताना समोर बसला.

"तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"मलाही कधी कधी तसंच वाटतं," त्या म्हणाल्या. "मग वाटतं, ते लॉइडनं सांगायचं होतं, माझ्या तोंडून ऐकणं तुला जास्त लागलं असतं. मग पुन्हा वाटतं, हे मी माझ्या सोयीसाठी म्हणते. मला नाही ठरवता आलं, कर्टिस. अजून नाही."

शिवून झालेली जर्सी त्यानं घडी करून घेतली आणि बाहेर जाऊन फावडं शोधलं.

मार्चमध्ये आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. कर्टिस पुन्हा संघातून खेळला नाही. पुढच्या वर्षी त्यानं हॉकी सोडली, वनशास्त्राचा अभ्यास मात्र पुरा केला. स्टेफा आणि सायमाबाईंची पत्रं चालू राहिली. अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत कर्टिसच्या बहिणीच्या लग्नाला म्हणून सायमाबाई बसनं सॅस्कॅचेवानला गेल्या. त्याआधी जवळच्या डुलुथ शहराच्या पलीकडे त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. दहा दिवसांसाठी गेल्या आणि तीन आठवडे राहून आल्या. आल्यावर म्हणाल्या, "तिकडे एवढं आभाळ आहे वेस, की कुठे बघावं कळत नाही."

माझं मात्र राहून गेलं होतं. त्या गुरुवारी गल्लीत मलाही सगळं ठाऊक होतं, हे मी कर्टिसला कधी सांगितलं नव्हतं. सायमाबाईंनी मला त्याबद्दल दोन शब्द सुनावले होते, ते मी गिळले. पण त्याच्यासमोर मी वर्षानुवर्षं हसून वावरत राहिलो. तो कॉलेज संपवून निघाला त्या मे महिन्यात सामान ट्रकमध्ये चढवायला मी मदतीला गेलो आणि शेवटी सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला," तो दोर आवळत म्हणाला.

"कसं काय?"

"त्या दिवशी सरावाआधी तू माझ्या स्केटच्या बुटांच्या पात्यांना धार लावून ठेवलीस. मी मागितली नव्हती. एरवी तीनदा मागितल्याशिवाय तू कोणाला देतोस?"

त्यानं दोराचं दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. "ओढ जरा," तो म्हणाला, "नाहीतर पुलापर्यंत जायच्या आत सगळं रस्त्यावर येईल."

मी ओढलं.