सांगलीला जायची परवानगी

आमच्या घराण्यात विचारण्याचा रोग आहे. लग्नाच्या पंगतीतून लवकर उठायचं तर वडीलधाऱ्यांना विचारायचं, शेजाऱ्याच्या झाडाची खाली पडलेली लिंबं उचलायची तर विचारायचं, आणि दवाखान्यात आपला नंबर आलेला असला तरी दार ढकलून "येऊ का?" म्हणायचं. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. न विचारता त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट केली, ती म्हणजे ते गेले. हा रोग मी विमानातून इंग्लंडात, बेसिंगस्टोकला घेऊन आलो आणि तिथे तो मला चांगलाच भोवला.

दोन हजार नऊ सालची गोष्ट. मंदीने आमच्या बिझनेस पार्कमधल्या निम्म्या इमारती रिकाम्या केल्या होत्या. माझ्या कंपनीने एका सकाळी आम्हा सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. बिस्किटं नेहमीपेक्षा चांगली होती, तेव्हाच मी काय ते समजलो. जानेवारी महिना, चार वाजताच अंधार पडायचा. खोक्यात कॉफीचा मग आणि कॅलेंडर घालून मी घरी आलो, तर बायको म्हणाली, "इट्स ओके, मिळेल दुसरी." ती एका नर्सरीत अर्धवेळ काम करायची. घराचा हप्ता तिच्या पगारात भागणारा नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

मग मी जॉबसेंटरला, म्हणजे बेकारभत्ता देणाऱ्या सरकारी कचेरीत, जाऊ लागलो. ब्रिटिश पासपोर्ट होता, इतकी वर्षं नॅशनल इन्शुरन्स भरला होता, म्हणजे तो भत्ता माझा हक्कच होता. तरी पहिल्या दिवशी मी टाय लावून गेलो. दर पंधरवड्याला मंगळवारी जायचं, कुठे कुठे अर्ज केले ते दाखवायचं, सही करायची. मऊ कार्पेट, जांभळ्या खुर्च्या, दाराशी एक सिक्युरिटीवाला. कुणी वाईट वागत नव्हतं. वाईट वागले असते तर मला रागवायला तरी जागा मिळाली असती.

सांगलीला फोन केला तर ताईने आधीच बजावलं, "आईला सांगू नकोस. बीपी वाढेल तिचं." आमच्याकडे नोकरी गेल्याची बातमी मरणाच्या बातमीपेक्षा जपून सांगतात. आईने विचारलं, "काय रे गाढवा, येतोस कधी?" मी म्हणालो, "काम फार आहे गं आई. सुट्टी नाही." आईला एवढं पुरलं. काम फार असणं ही तिच्या दृष्टीने मुलाची तब्येत चांगली असल्याची खूण होती.

फेब्रुवारीच्या शेवटी ताईचा आपणहून फोन आला. ताई आईच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, सगळं तिच्यावरच. म्हणाली, "आई कुकर लावून विसरते, तेवढं आपण वयामुळे म्हणत होतो. काल बाजारातून घरी यायचा रस्ता विसरली. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, विस्मृतीचा आजार आहे, उतरणीला लागलाय. आत्ता सगळ्यांना ओळखतेय. पुढचं सांगता येत नाही. तू येऊन जा रे, ती ओळखतेय तोवर."

ती ओळखतेय तोवर. पुढचे कित्येक महिने मी भांडी घासताना, अर्ज करताना, गवत कापताना हे वाक्य ऐकत होतो.

आता माझा मित्र. हा मूळचा ठाण्याचा, पलीकडच्या इमारतीतल्या कंपनीतून माझ्यानंतर महिन्याभरात निघालेला. त्याची सासुरवाडी मिरजेची, आणि मेव्हणीचं लग्न मार्चमध्ये होतं. हा पठ्ठ्या मंगळवारी दुपारी सही करून सरळ हीथ्रोला जाणार होता. पुढच्या सहीच्या आधी परत. मला म्हणाला, "अरे, फोर्टनाइटमध्ये कोण बघतंय तुला? तू घरी झोपलायस की मिरजेत जेवतोयस, देअर इज नो वे दे विल नो. सगळे करतात. तू पण चल. काकूंना भेटून ये."

तिकीट उधारीवर काढता आलं असतं. बायकोही म्हणाली, "जा. मी बघते इकडे." आणि मी काय केलं? मी विचारायला गेलो.

मला खरंच वाटलं होतं की खरं कारण सांगितलं तर माणसं समजून घेतील. माझं काम बघणारी बाई पन्नाशीची, गळ्यात चष्म्याची साखळी, बोलायला गोड. मी तिला आईचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, फार वाईट वाटलं ऐकून. मग नियम सांगितला. वेल्सला जा, स्कॉटलंडला जा, एक फॉर्म भरून दिलात की चालेल. देश सोडलात की क्लेम, म्हणजे भत्ता, बंद. मुलाला उपचारासाठी परदेशी नेत असाल तर चालतं. परदेशात नोकरीचा इंटरव्ह्यू असेल तर आठवडाभर चालतं. आईला बघायला जायचं असेल तर नाही, कारण त्या काळात तुम्ही कामाला उपलब्ध नसता. हे सांगताना तिने माझ्या आईबद्दल दोन ओळी कॉम्प्युटरवर टाइप केल्या. मग म्हणाली, जायचं ठरलं तर मला कळवा, आपण क्लेम बंद करू आणि तुम्ही आलात की नवा उघडू.

घरी येऊन हे सांगितलं तर बायको आधी हसली. "मग सांग ना, सांगलीत इंटरव्ह्यू आहे म्हणून. शुगर फॅक्टरीत." मग तिचं हसू गेलं. "पण तू विचारलंस कशाला? कुणी सांगितलं होतं तुला विचारायला?"

मित्राने तर कपाळावर हात मारला. "आता संपलं. आता तिच्या रेकॉर्डला आलं. आता तू कॉर्नवॉलला गेलास तरी ती म्हणेल इंडियाला गेला." खरं तर तसं काही नव्हतं. ती बाई संशय घेणाऱ्यांतली नव्हती. तिने उलटंच केलं. दर सहीच्या मंगळवारी माझे अर्ज बघायच्या आधी ती विचारायची, "आई कशी आहे?" अगदी मनापासून. तिच्या त्या प्रश्नासमोर बसून, आदल्या दिवशी मी चोरून सांगलीहून आलोय, असं तोंड घेऊन सही करणं मला जमलं नसतं. वाघाने खाल्लं तर निदान वाघाला शिव्या देता येतात. मला गाईने खाल्लं.

क्लेम बंद करून जाता आलं असतं. तिने तसं स्वच्छ सांगितलं होतं. पण त्या सुमारास जवळच्या रीडिंग शहरातल्या एका कंपनीने फोनवर मुलाखत घेतली होती, आणि "पुढच्या आठवड्यात कळवतो" म्हणाली होती. बंद हा शब्दही मला सोसत नव्हता. एक दार बंद झालेलं होतंच, दुसरं आपल्या हाताने कोण लावणार? मी म्हटलं, एवढा आठवडा बघू. तो आठवडा गेला. मग नोकऱ्या लावणाऱ्या एका एजंटने पुढचा आठवडा दिला. त्या वसंतात मी आठवड्यांवर जगलो, आणि प्रत्येक वेळी स्वतःला सांगत राहिलो की मला नियमाने अडवलंय. नियम होता हे खरं, पण त्याच्या आड बसणं मला सोयीचंही वाटू लागलं होतं. बेकार होऊन आईसमोर जायची मला लाज वाटत होती. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. तिला ती बहुधा कळली होती.

मित्र मिरजेहून परतला तो रंगून. लग्न झोकात झालं. वाट वाकडी करून तो सांगलीला आईकडेही जाऊन आला होता. पिशवीत तिने मला मेतकूट पाठवलं होतं, आणि एक कानटोपी, कारण इंग्लंडात थंडी असते हे तिने ऐकलं होतं. "काकू मस्त आहेत रे," तो म्हणाला. "तासभर तुझ्याबद्दलच बोलत होत्या. तू चौथीत स्कॉलरशिपला बसलास ते, तुला गोवर झाला ते. चहात साखर किती, हे मात्र मला तीनदा विचारलं. बट दॅट्स ऑल." तो हसत होता. मी त्याच्या अंगावर धावून जायचा राहिलो. याने नियम मोडला, आणि माझी आई शहाणी असताना हा तिच्यासमोर बसून चहा प्यायला. मी नियम पाळला, मला मेतकूट मिळालं. भात टाकून आम्ही ते खाल्लं. चव तीच होती, मीठ मात्र दोनदा पडलं होतं.

एप्रिल, मे. रविवारचे फोन बदलत गेले. आधी आई "कधी येतोस" म्हणायची, मग एकाच फोनवर चारदा म्हणायची, मग तिने ते विचारणं सोडलं. "काम कसंय?" एवढंच विचारायची. मी म्हणायचो, "फार आहे." ताई म्हणायची, "अरे, निघ आता." मी तिला नियम समजावून सांगायचो. कामाला उपलब्ध असणं म्हणजे काय, हे मी त्या काळात इतक्यांदा समजावलं की ऐकणाऱ्याला वाटावं तो नियम मीच केलाय. एकदा ताई म्हणाली, "आईला उपलब्ध असण्याचा काही नियम आहे का तुमच्याकडे?" आणि तिने फोन ठेवला.

जूनच्या शेवटी रीडिंगला नोकरी लागली. शेवटच्या सहीच्या दिवशी त्या बाईने उभं राहून हात मिळवला आणि म्हणाली, आता तुम्ही आईला भेटू शकाल. मी आनंदाने हो म्हणालो. पण नव्या नोकरीत प्रोबेशन. पहिले तीन महिने सुट्टी मागू नका, असं मॅनेजरने पहिल्याच दिवशी सांगितलं. इथेही मी विचारलंच होतं. नोकरी नव्हती तेव्हा सुट्टी नव्हती, नोकरी लागली तेव्हाही नव्हती. मॅनेजरला आईचं सांगितलं असतं तर कदाचित त्याने सोडलंही असतं. पण एकदा विचारून तोंड भाजलेलं, दुसऱ्यांदा खरं कारण सांगायचा धीर झाला नाही.

गेलो तो नोव्हेंबरात, दिवाळी उलटल्यावर. नवा कोट, आईला मऊ शाल, ताईला बदाम. ताईने दार उघडलं, मला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाली, "दुपारची जरा बरी असते. तू आधी बस नुसता. विचारू नकोस मी कोण म्हणून. तिला घाबरायला होतं."

आई गॅलरीत खुर्चीवर मेथी निवडत बसली होती. खूप बारीक झाली होती, पण मेथी पूर्वीसारखीच निवडत होती, पानं एकीकडे, काड्या एकीकडे, एक पिवळं पान आत जात नव्हतं. ते बघून मला आशा वाटली. मी समोरच्या स्टुलावर बसलो. तिने वर पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "या. बसा. ऊन लागलं असेल."

मी बसलेलोच होतो. मी म्हणालो, "कशा आहात?" माझ्या तोंडून तसंच आलं.

"मी बरी आहे," आई म्हणाली. "तुम्ही कुठून आलात?"

"इंग्लंडहून."

तिचा चेहरा उजळला. "अगंबाई! माझा मुलगा असतो तिकडे. मोठ्या कंपनीत आहे. फार काम असतं हो त्याला. यायचं म्हणतो, पण सुट्टीच देत नाहीत. एवढं काम की फोनवर बोलायलाही फुरसत नसते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याला फार वाटतं हो यावं असं. मला कळतं ते."

मला तिथे गप्प बसता आलं पाहिजे होतं. ताईने तेवढंच सांगितलं होतं. पण वर्षभराचा राग होता, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरा माणूस तिथे नव्हता. मी म्हणालो, "त्याला काही काम नव्हतं. सहा महिने घरी बसून होता तो. यायचं असतं तर आला असता."

आईचे हात थांबले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. कधी शाळेतून येऊन खोटं बोललो की बघायची, तसं. मला वाटलं, आता ओळखेल.

"तुम्ही कोण हो, माझ्या मुलाला असं बोलणारे?" ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "कुणाच्या लेकराबद्दल असं पाठीमागे बोलू नये. माझ्या मुलाला मी ओळखते."

तिने मेथीची परडी मांडीवर ओढून घेतली आणि खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे पाठ केली. मग आतल्या ताईला हाक मारून म्हणाली, "अगं, यांना चहा दे आणि वाटेला लाव."

ताई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती चहा टाकायला आत गेली.