दुधात भिजलेली वात

देवासाठी वाती वळताना बोट दुधात बुडवलं, की ओल्या कापसाचा तो वास येतो आणि आमचं कामरगावचं परस डोळ्यांपुढे उभं राहतं.

आई मेथीच्या वाफ्यात निंदत होती. गवताखाली सशाची दोन पिल्लं निघाली, एकमेकांना चिकटून बसलेली. तिनं ती उचलून पदरात घेतली.

"माय, वापस ठेव न त्यायले," मी म्हटलं.

"आता कायले? माणसाचा हात लागला. त्यायची माय नाही घेत आता जवळ."

आम्ही शेळीच्या दुधात वात भिजवून त्यांच्या तोंडाशी धरत राहिलो. दूध हनुवटीवरून ओघळत राहिलं. दुपारी एक गार पडलं, दिवेलागणीआधी दुसरं.

आता माहीत आहे, माणसाचा हात लागल्यानं काही होत नाही. सशीण पिल्लांना दिवसभर एकटं ठेवते आणि अंधारून आलं की पाजायला येते.

त्या संध्याकाळी पिल्लं आईच्या पदरात घेऊन पुरायला म्हणून आम्ही परसात गेलो, तर वाफ्यात ती उभी होती. आम्हाला पाहूनही पळाली नाही. गवत हुंगत राहिली.

आईनं पदर घट्ट आवळून धरला.

"आली व ते," ती म्हणाली.