दिव्याला लावलेलं कुंकू

आमच्या जुन्या मोटारीला पुढचे दिवे दोन होते, पण दोन्ही एकदम लागलेले फारसे कुणी पाहिलेले नाहीत.

दर रविवारी मी आईला पेणहून रोह्याला न्यायचो. तिथे तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. आईचे गुडघे स्टेशनचा जिना चढू देत नसत, म्हणून मोटार. मावशी दुपारभर झोपायची आणि चहा झाला की "ये गो, जवळ बस" म्हणून जी सुरुवात करायची, ती दिवेलागणीपर्यंत. परतताना अंधार, आणि वाटेतलं गडब गाव आलं की आमचा एक दिवा गेलाच! (समोरचे ट्रकवाले आम्हाला मोटारसायकल समजून अंगावर यायचे.)

"आता पुन्हा दिवा गेला, तर रोहा बंद," बायकोने निकाल दिला. "आईंनी फोनवर बोलावं."

"फोनवर हात धरता येत नाय गो," आई म्हणाली आणि आत गेली. मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटलं की मी दुरुस्तीला लागतो. बॅटरी आधीच बदलली होती, वायरीही बदलल्या होत्या. खड्डे बदलता येईनात, तेव्हा त्यांना शिव्या दिल्या होत्या. तरी बल्ब आपले उडतच होते! आता शेवटचा उडालेला बल्ब खिडकीशी धरून पाहिला. काचेला फुगवटा, त्यावर काळा डाग, डागाला तांबूस कड.

"आई, हे काय?"

"कुंकू! नवी वस्तू तशीच कशी वापरायची? मिक्सरला लावलं, फ्रीजला लावलं. हे तर गाडीचे डोळे. तू आणून टेबलावर ठेवतोस, तवाच लावते."

"काचेवर टिकतं कसं?"

"खोबरेलात कालवते ना. एक बल्ब गेला की पुढच्याला थोडं जास्त!"

मी कपाळाला हात लावला. मग तिला समोर बसवून समजावलं, की हा बल्ब भट्टीसारखा तापतो, काचेला तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब जातो. "म्हंजे माझ्यामुळंच रोहा बंद व्हायचं?" तिने हळूच विचारलं. मी विजयाच्या भरात होतो. तिचा चेहरा मी पाहिलाच नाही.

पुढच्या रविवारी रामवाडीतल्या दुकानातून नवा बल्ब आणला. शेजारच्या हातगाडीवर गरम भजी खाल्ली, बोटं रुमालाला पुसली (तेवढी स्वच्छता माझ्यात आहे!) आणि बल्ब स्वतः बसवला. आईला जवळ येऊ दिलं नाही. संध्याकाळी गडबला दिवा गेला.

"या टायमाला मी नाय हात लावला हां," मागून आवाज आला.

घरी बायको दारातच उभी होती. आईने बल्ब काढून मागितला, चष्मा चढवला.

"कुंकू नाय यावर. तेलकट आंगठा उमटलाय. मधी कापल्याची खूण बघ. नारळ सोलताना कोयता लागलेला, तो तुझाच आंगठा हाय रे!"

बायको हसत सुटली, आणि हसता हसता निकाल काही टिकेना. रोहा चालू राहिलं. बल्ब आता बायकोच बसवते, धुतलेल्या फडक्यात धरून. तो बल्ब टिकतो.

आईला मात्र कुंकवावाचून करमेना. रविवारी निघताना ती ते तेलात कालवून माझ्या कपाळाला लावते.

"यानं माझ्या डोक्यातला दिवा उडणार नाही ना?" मी एकदा विचारलं.

"नाय रे," आई म्हणाली. "उडायला आधी पेटायला लागतं."