वानराचं सुतक

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही कळत नाही. पण आज नातवाचं जावळ काढताना ओल्या केसांचा वास आला आणि राहवलं नाही. माझी चौथी झाली त्या उन्हाळ्यात गावात एक वानर मेलं. मारुतीराया म्हणून गुलाल उधळून त्याला पुरलं आणि दहाव्याला पुरुष पारावर डोई करायला बसले. औरंगाबादेहून सुट्टीला आलेला माझा थोरला भाऊ म्हणाला, "मास्तर सांगतेत, लई वर्षांमागं माणसाचा अन् वानराचा पूर्वज एकच होता." आता मार बसतो, असं मला वाटलं. पण पाटील हसले. "मग तुझाच भाऊबंद गेला की बे! बस, डोई कर." "तसं न्हाई, काका," भाऊ सांगत राहिला आणि न्हावी त्याचे केस भिजवत राहिला. वडील सोडून सगळे हसत होते. मी पाचवीसाठी बीडला मावशीकडं जाणार होते, परकरही शिवून झाला होता. घरी येऊन वडील आईला म्हणाले, "एकाला शिकवून हसं झालं. पोरीला चार इयत्ता बास." भाऊ तुळतुळीत डोक्यानं शाळेत परत गेला आणि मी चुलीपुढं बसले, ती अजून उठले नाही. त्याचं म्हणणं मला नीट समजून घ्यायचं होतं. ते कितवीत शिकवतात, एवढंही मी आजवर कुणाला विचारलं नाही.