सोनालीनं जर्मनीत शेगडी पेटवली

मंडळी, माझं शिक्षण बेताचं, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी नात सोनाली जर्मनीत शिकते. आज ती वर्गातल्या पोरांबरोबर तिकडच्या एका खेड्यात सहलीला गेली. परका मुलूख, थंडी; इथं घाटघरात मला सकाळपासून घोर लागला होता.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. सगळी पोरं पावसात भिजलेली, एक मुलगी तर थंडीनं लटलट कापत होती.

"आबा, शेगडी हाय, पण लाकडं वली हायेत. कुणालाच पेटवता येईना."

मी घाबरून ओरडायलाच लागलो. "साल काढ. बारीक ढलप्या कर. पदर सांभाळ."

"आबा, मी जीन्स घातलीय. जरा गप बसा की."

तिनं फोन टेबलावर मला दिसेल असा उभा ठेवला आणि गुडघे टेकून फुंकायला लागली. आधी नुसता धूर झाला, पोरं खोकली. मग जाळ धरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलं का, आबा?" सोनाली मला म्हणाली.

ती कापणारी मुलगी शेगडीजवळ बसून हसली, तेव्हा कुठं मी खाली टेकलो. आपल्यावाचून पोरांचं अडत नाही, याचा एवढा आनंद तुम्हाला कधी झालाय का?