अर्धा कोयता

मानोरा तालुक्यातल्या त्या तांड्यात चंदाबाई नवरी होऊन आली, त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर तिने ऊसतोडीचा ट्रक पाहिला. मुकादम खाली उभा राहून नावं पुकारत होता. "फुलसिंगचा औंदा पुरा कोयता!" तो ओरडला आणि ट्रकमधले लोक हसले. आपल्या नवऱ्याकडे काही खास कोयता असावा, असं तिला वाटलं. तो कोयता म्हणजे आपणच, हे तिला फडात पोचल्यावर कळलं.

ऊसतोडीला नवरा ऊस तोडतो. बायको पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. दोघांचा मिळून एक कोयता. लग्नाआधी फुलसिंग आपल्या काकाबरोबर जायचा, तेव्हा त्याची गणती अर्धी होती. चंदाबाई आली आणि तो पुरा झाला. पुढे चौदा हिवाळे हा पुरा कोयता सांगलीकडच्या उसात गेला. निती झाली, फडातच रांगायला शिकली, शाळेत गेली, मग हिवाळ्यापुरती शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहू लागली. चंदाबाईच्या मानेवर मोळीचा घट्टा पडला. तिने त्याबद्दल कधी कोणाजवळ गाऱ्हाणं केलं नाही.

तिचा जीव अडकायचा तो बकऱ्यांत. चैत्रात परत आलं की ती एखाद-दोन बकऱ्या घ्यायची. पावसाळाभर त्यांना बांधाबांधाने चारायची. त्यांची अंगं भरायची, एखादी गाभण राहायची, आणि दिवाळी यायची. ट्रकमध्ये बकरी नेता येत नाही आणि मागे तांड्यात उरतात ती म्हातारी माणसं, ज्यांना स्वतःचं पाणी भरणं होत नाही. म्हणून बकऱ्या कारंज्याच्या बाजारात. दरवर्षी वाढवायचं, दरवर्षी मोडायचं. पुढच्या चैत्रात पुन्हा पहिल्यापासून.

"येक हिवाळा मी घरी राह्यली ना," ती फुलसिंगला म्हणायची, "तर दावन भरून दाखवीन."

फुलसिंग नाही म्हणणारा माणूस नव्हता. तो हो म्हणणाराही नव्हता. "हळूहळू सोडू," तो म्हणायचा. "येकदम सोडलं तर तोंडावर पडू. औंदा तू महिनाभर उशिरा ये. पुढच्या वर्सी दोन महिने. असं करत करत सुटन."

मागच्याच्या मागच्या वर्षी त्यांनी तसं करून पाहिलं. मुकादम राजपाल त्याच तांड्यातला, फुलसिंगच्या बरोबरीचा. त्याने कुरकुर करत का होईना, मान हलवली. फुलसिंग एकटा गेला, चंदाबाई दोन बकऱ्यांपाशी थांबली. दोघांचाही अंदाज साधा होता: अर्धा कोयता निम्मं काम करील, महिनाभर निम्म्यात भागवू.

पण निम्मं काम असं काही उसात नसतं. तोडलेला ऊस बांधला नाही तर तो नुसता जमिनीवर पडलेला असतो. फुलसिंग दुपारपर्यंत तोडायचा, मग कोयता ठेवून मोळ्या बांधायला बसायचा, आणि तोवर गाडी येऊन उभी राहायची. टोळीतल्या बायका आपल्या मोळ्या वाहून झाल्या की त्याच्याही वाहायच्या. पहिला आठवडा हसत, दुसरा गप्प राहून. भाकरीही त्याच बायका थापून देत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"चंदा, भाकर भेटते."

"मंग?"

"भाजी बंद झाली."

चंदाबाईला एवढं पुरलं. टोळीतल्या बायका तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण ताटातून कोरडी भाकरी पाठवतात, तेव्हा काय म्हणायचंय ते तिला ठाऊक होतं. तिनेही एका वर्षी एका आळशी जोडप्याला असंच कोरड्या भाकरीतून बोलून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही बकऱ्या कारंज्याला नेल्या. त्यांतली एक गाभण होती. घाईचा बाजार गिऱ्हाइकाला लगेच ओळखू येतो. मिळेल ते घेऊन ती एसटीत बसली.

त्या हंगामात ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या श्रावणात राजपाल हंगामाची आगाऊ उचल द्यायला दारात आला. उचल घेतली की हंगामाला बांधले गेलो, हे सगळ्यांनाच माहीत असतं. फुलसिंगने हात पुढे केला आणि आतून चंदाबाई म्हणाली, "मी येत नाई."

"किती दिवस?" राजपालने विचारलं.

"सारा हंगाम."

"वयनी, मागच्या सालचा तमाशा इसरल्या का?"

"म्हनूनच सांगून राह्यली. थोडं थोडं सोडनं आपल्याच्यानं झालं नाई. आता मी येकदम सोडतो."

राजपालने फुलसिंगकडे पाहिलं. "मंग तुयं काय? अर्धा कोयता मी पुन्यांदा नेनार नाई, बाप्पा. टोळी मलेच उसात गाडन."

फुलसिंगचा हात तसाच पुढे राहिला होता. तो मागे घेत तो म्हणाला, "तू सोडलं म्हंजे म्या बी सोडलं, चंदा. हिवाळाभर खाऊ काय? तुया बकऱ्या?"

हे खरं होतं. तीन एकर कोरडवाहू, त्यातली सोयाबीन निघाली की हिवाळ्यात गावात मजुरी मिळेल तेव्हा मिळेल. चंदाबाई चुलीपुढे बसली. आपण एकट्याने सोडायचं म्हटलं तरी दोघांचं सुटतं, याचा विचार तिने केला नव्हता असं नाही. तो विचार तिने बाजूला सारून ठेवला होता.

तेवढ्यात केशरबाई आली. ती फुलसिंगची थोरली बहीण. त्याच तांड्यात दिलेली, दोन घरं सोडून राहणारी. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. पोरगी लग्न होऊन गेली. तेव्हापासून ती निंदणं-खुरपणं मिळेल तसं करायची, आणि दिवाळीनंतर रिकाम्या तांड्यात म्हाताऱ्यांबरोबर बसून राहायची. तिने ओसरीवरूनच सगळं ऐकलं होतं.

"चंदे," ती म्हणाली, "नितीचं दूध तोडलं तवा बी तू असंच केलं. आज दिवसा नाई, रातच्याले हो. उद्या येक डाव, परवा दोन डाव. पोट्टी लोंबतच राह्यली. मंग म्या लिंबाचा पाला वाटून लावला, तवा येका दिवसात सुटली."

"बाई, पोट्टीचं दूध आन् पोटाची भाकर येक हाय का?"

"नाई. तवा पोट्टीले दुसरं खायले होतं, म्हनून सुटलं. आता तुले बी दुसरं लागन." मग ती राजपालकडे वळली. "राजू, भावाच्या संगं बहीन चालते का कोयत्यात?"

राजपाल हसला. "अक्का, तुमी?"

"काहून? माया मोळीले कधी गाडी थांबली का? तुया मायले इचार, ती होती टोळीत."

केशरबाईचा नवरा गेला, त्या वर्षी तिचा कोयता मोडला होता, आणि नंतर कोणत्याही मुकादमाने तिचं नाव पुकारलं नव्हतं. एकट्या बाईला अर्धीसुद्धा कोण नेतो? तिने जायचं म्हटलंही नव्हतं. म्हणून सगळ्यांनी धरून चाललं होतं की तिला जायचं नाही.

चंदाबाईला आधी हलकं वाटलं आणि लगेच लाज वाटली. आपल्या मानेवरची मोळी आपण नणंदेच्या मानेवर देतो आहोत, आणि ती वयाने मोठी.

"बाई, नका करू माह्यासाठी."

"तुह्यासाठी कोन करून राह्यलं?" केशरबाई फटकन म्हणाली. "हिवाळाभर त्या म्हाताऱ्याइच्या खोकल्या मोजत बसतो मी. तू राह्य आता त्याइच्यापाशी. मले माया कोयता पाह्यजे."

फुलसिंगने हात पुन्हा पुढे केला.

दिवाळीनंतर ट्रक निघाला. चंदाबाईने आपली चुंबळ केशरबाईच्या हातात दिली. ती तिने उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. "हे तुया डोक्याच्या मापाची. मी माही करून घेईन." दोन बायकांनी चंदाबाईला ऐकू जाईल असं म्हटलं, "ननंदेले उसात धाडलं आन् राणी घरी." ट्रक वळणाआड गेला तरी ते शब्द मागे राहिले.

पहिले काही दिवस ती पहाटे दचकून उठायची. अंग ओझं मागायचं. बाहेर तीन बकऱ्या आणि समोरच्या ओट्यावर खोकणारी म्हातारी माणसं. त्यांचं पाणी तीच भरू लागली. नितीला वसतिगृहातून घरी आणलं. पोरगी पहिल्या दिवशी शाळेतून आली आणि दारात थांबून म्हणाली, "माय, तू खरंच हायस."

थंडीत एक बकरी व्याली. दोन पिल्लं, त्यांतलं एक अगदी मलूल. चंदाबाईने त्याला गोणपाटात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं, बोटाने दूध चाटवलं. ते तिसऱ्या दिवशी पायावर उभं राहिलं आणि सरळ नितीच्या वहीवर मुतलं.

आणखी एक गोष्ट झाली. ती सांगायला लहान आहे. त्यांच्या वावराच्या बांधालगत, धुऱ्याला, तुरीच्या ओळी होत्या. दरवर्षी तूर फुलावर असताना ते निघून जायचे आणि परत यायचे तेव्हा कोणीतरी कापून-झोडून ठेवलेल्या वाळक्या दाण्याचं पोतं घरात असायचं. त्या पौषात चंदाबाईने आपल्या वावरातल्या हिरव्या शेंगा पहिल्यांदा तोडल्या. सोले, म्हणजे हिरवे दाणे, काढले, तेलावर परतले, वाटून भाजी केली. नितीने तीन भाकरी खाल्ल्या. चंदाबाईने मात्र पहिलाच घास ताटात परत ठेवला. तिकडे फडात दोघं बेसन नाहीतर मिरचीचा ठेचा खात असतील.

दुसऱ्या दिवशी तांड्यातला एक जण माल घेऊन सांगलीकडे निघाला होता. त्याच्याजवळ तिने पिशवीभर शेंगा दिल्या. तीन दिवसांनी फोन आला. पलीकडे केशरबाई.

"शेंगा धाडल्या महाराणीनं! सोलन कोन?"

"तुमी सोला, बाई. मी सोलून धाडल्या असत्या तर सुकल्या असत्या."

"सोलल्या ना. साऱ्या टोळीनं बसून सोलल्या. तुया नवरा तं दानेच खाऊन राह्यला, भाजीले उरू देईना." मग ती म्हणाली, "चंदे, मी बी लय वर्सानं खाल्ली उसात सोल्याची भाजी. हात दुखून राह्यले, खोटं नाई सांगत. पन राजू काल म्हने, अक्का, तुमी बांधलेली मोळी गाडीपर्यंत सैल होत नाई."

फोन ठेवून चंदाबाई अंगणात आली. देवाला हात जोडायची तिची सवय होती. त्या दिवशी तिने पश्चिमेकडे तोंड करून, नणंदेला जोडले.

रामनवमीच्या आधी, पोहरादेवीच्या रस्त्यावर यात्रेकरूंची गर्दी सुरू झाली तेव्हा ट्रक परतला. केशरबाई उतरली ती काळवंडलेली, वाळलेली, पण मान ताठ. फुलसिंग दावणीपाशी गेला. दावण भरली नव्हती. तीन बकऱ्या आणि चार पिल्लं; मागून व्यालेल्या दुसऱ्या बकरीचं आणखी एक पिल्लू मेलं होतं. त्याने सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आपल्या दारात बकऱ्या पाहून उतरलो, असं पयलेच डाव झालं."

चंदाबाईने सर्वांत चांगली गाभण बकरी सोडली आणि तिचं दावं केशरबाईच्या हातात दिलं.

केशरबाईने बकरीकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. "हे घेतली म्हंजे दिवाळीले मी पन घरी? माया कोयता आताच जुळला, आन् तू मोडाले निघाली?"

"मंग नको?"

"नको काहून?" तिने दावं घट्ट धरलं. "बकरी माही. पन बांधाची तुया दावनीले. मी गेल्यावर तू हायस ना इथं? पिल्लं निम्मी तुही, निम्मी माही. होत होत पुरेशी झाली का मंग पाहू, मी कवा राहाचं थे."

हे ऐकत उभ्या असलेल्या बायकांत त्या जुन्या दोघीजणीही होत्या, राणी म्हणणाऱ्या. त्यांतली एक पदर सावरत पुढे आली.

"चंदाबाई, माही बी येक पाट हाय, तरणी बकरी. औंदा इकाची म्हनत होती दिवाळीले. तुयापाशी ठेवली तर चालन का?"

चंदाबाईने फुलसिंगकडे पाहिलं. तो आधीच अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात दावण कुठवर लांबवता येईल, ते पावलांनी पाहत होता.